गाणं बरं हाय, पण वाजंना

नवा अल्बम शुक्रवारी यायचा, अशी जगाची रीत २०१५ पासून पडली आहे. चुडाव्याला त्या शुक्रवारचं सोयरसुतक नाही. पूर्णा आणि नांदेडच्या मधल्या या गावात नवी गाणी यायचे दिवस ठरलेले असतात. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, आषाढीच्या आगेमागे विठ्ठलाची, पोळा झाला की गणपतीची, आणि पितरपाठ सरत आला की देवीची. लग्नसराईत काय, काहीही चालतं.

यातल्या एकाही अल्बमचं परीक्षण कुठल्या पेपरात छापून येत नाही. पण म्हणून परीक्षण होतच नाही, असं कुणी समजू नये. आमच्या भागातल्या एका साऊंडवाल्या पोराकडं मार्च संपता संपता पेनड्राइव्ह भरून नवी गाणी येतात. तो ती मोबाइलवर ऐकत नाही, थेट बॉक्सवर लावतो. अर्ध्या मिनिटात निकाल. एकदा एका गायकाचं नवं भीमगीत त्यानं असंच मध्येच तोडलं. मी म्हटलं, "अरे, शब्द चांगले होते की."

"शब्द चांगलेच हायत काका. गाणं बरं हाय, पण वाजंना. खालचा आवाज भरलाच नाही त्याहीनं. पोरं नुसती हुभी राहतेत, नाचत नाहीत."

हे परीक्षणच आहे, आणि नेमकं आहे. गाण्याचं ध्वनिमिश्रण फसलंय, बेस पोकळ आहे, हेच मुंबईतल्या स्टुडिओतला माणूस चार जड शब्दांत सांगेल. त्याच गाण्यावर भजनी मंडळातल्या एका बुजुर्गांचं म्हणणं निराळं होतं. त्यांनी पहिल्या ओळीलाच चाल ओळखली, एका जुन्या कव्वालीची, आणि मग पुढं ऐकायचंच सोडून दिलं. विहारात येणाऱ्या एका मावशींचा आक्षेप तर मुळावरच होता. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं आणि खाली असला ठेका लावायचा, हे शोभतं का? या प्रश्नावर तिथल्या तिथं दोन तट पडले. ठेका नसेल तर पोरं मिरवणुकीत येणार कशी, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. संगीतात शब्द मोठा की स्वर, यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले असतील. आमच्याकडं तो वाद चहाच्या एका फेरीत रंगतो आणि मिटत मात्र कधीच नाही.

तिकडं अमेरिकेत 'पिचफोर्क' नावाचं प्रकाशन १९९६ पासून अल्बम जोखतं. दहापैकी गुण, तेही दशांशात. रेडिओहेड या बँडच्या 'किड ए'ला २००० साली पूर्ण दहा मिळाले, त्याची चर्चा अजून चालते. ७.४ आणि ७.६ यांत नेमका फरक काय, हे गुण देणाऱ्यालाही सांगता येईल असं मला वाटत नाही. (जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणारी माणसं आम्ही, आम्हाला दशांशाचं अप्रूप नाही.) त्यापेक्षा न्यूयॉर्कचा रॉबर्ट क्रिस्टगाव मला बरा वाटतो. १९६९ पासून तो शाळामास्तरासारखा ए, बी, सी अशा श्रेण्या देत आला, पण श्रेणीसोबत चार-सहा ओळी अशा लिहायचा की अल्बम न ऐकताही त्याच्याशी भांडावंसं वाटावं. 'पिचफोर्क'चं पुढं काय झालं? जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनीनं ते 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकाच्या पोटात ढकललं आणि बऱ्याच लिहिणाऱ्यांना घरी पाठवलं.

मराठीत या कामाची सुरुवात झाली ती फार वरच्या पायरीवरून. केशवराव भोळे. जन्म १८९६. 'वसुंधरा' साप्ताहिकात 'एकलव्य' या टोपणनावानं त्यांनी त्या काळच्या नामांकित गायकांवर लिहिलं. आवाज लागतो कसा, कुठं अडतो, लय अंगात आहे की नुसती हातात, असं सगळं त्यात होतं. 'शुद्धसारंग' हे त्यांचं दुसरं टोपणनाव. गायक हयात, नाव मोठं, चाहते तापट. अशा वातावरणात 'इथं कमी पडलं' असं छापून मोकळं व्हायला टोपणनावाची आडोशाची भिंत लागली असेल, तर त्यात नवल नाही.

पण मला भोळ्यांचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. दुसऱ्यांच्या गाण्यावर लिहिणारा हा माणूस स्वतः लोकांसाठी गाणी करायला उतरला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक, मग 'प्रभात' फिल्म कंपनीत. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये शांताराम आठवल्यांनी लिहिलेल्या एका अभंगाला त्यांची चाल आहे. ती रचना इतकी जुनी, इतकी तुकोबांची वाटली की लोक ती गाथेत धुंडाळू लागले. पुढच्याच वर्षी 'कुंकू'. त्यात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. दार, घड्याळ, रस्ता यांचे जे आवाज व्हायचे तेवढेच. संगीत देणाऱ्यानं संगीत न देण्याला होकार भरायचा, हे सोपं नाही. त्याच सिनेमात शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही आहे. अभंगाच्या चालीपासून तिथपर्यंत एकाच माणसाचा कान पोचत होता. कुठला प्रकार वरचा आणि कुठला खालचा, या हिशेबात तो अडकला नाही.

हा कान पुढं वारशात आला नाही, अशी माझी तक्रार आहे. शास्त्रीय संगीतावर मराठीत उत्तम लेखन झालं. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ चं, नंतर अशोक रानडे. हिंदी सिनेगीतांवर शिरीष कणेकरांसारख्यांनी जीव ओवाळून लिहिलं. पण तो जीव जुन्यावर होता. आज दुकानात आलेली नवी कॅसेट कशी आहे, हे सांगायला कुणी बसलं नाही.

आणि कॅसेटी तर धो धो येत होत्या. ऐंशीच्या दशकात आमच्याकडं कॅसेट म्हणजे शिंदे. टेंपोत, एसटी स्टँडवरच्या टपरीत, जत्रेत, पाळण्याशेजारी आनंद शिंद्यांचा 'पोपट' बोलत होता. आषाढीला प्रल्हाद शिंद्यांचा आवाज लागला नाही असा चहाचा ठेला नव्हता. काय आवाज होता तो! वर चढताना किंचित खरवडल्यासारखा व्हायचा, पण फाटायचा नाही. शब्दाचा शेवट सोडायचा नाही. तोच गळा कव्वालीत एक बोलायचा आणि विठ्ठलाच्या गाण्यात दुसरं. हे त्यांना कसं जमत होतं, यावर रविवारच्या पुरवणीत शंभर शब्दसुद्धा माझ्या वाचनात आले नाहीत. मी पुरवण्या तळापासून माथ्यापर्यंत वाचणारा माणूस आहे. भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं गेले. तेव्हा श्रद्धांजल्या आल्या. श्रद्धांजलीत माणूस थोर ठरतो, त्याचं काम कसं होतं ते कळत नाही.

यामागं जातीचा हात नाही असं मी म्हणणार नाही. भावगीत वाड्यातल्या दिवाणखान्यात ऐकलं जायचं, म्हणून त्याच्या शब्दांवर लेख यायचे. भीमगीत चौकात भोंग्यावर वाजायचं, म्हणून ते बातमीतल्या 'ध्वनिप्रदूषण' या रकान्यात जायचं. आज तरी काय निराळं आहे?

समीक्षकाला महत्त्व द्या म्हटलं की काहींच्या पोटात गोळा येतो. उद्या तो ठरवेल आम्ही काय ऐकायचं ते! ती भीती सोडा. एका पुणेकरानं ते करून बघितलं आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी त्यांना आकाशवाणीवर नकोशी झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन लावलं. अमीन सायानींची गीतमाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली. तिथं दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची पत्रं यांवर गाण्याची पायरी ठरायची. १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. मंत्र्याला गाणं थांबवता आलं नाही, तिथं रकाना लिहिणारा काय थांबवणार!

सायानींच्या पायऱ्यांची जागा आता व्ह्यूजनी घेतली आहे. २०२४ मध्ये जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं. त्यावर पेपरांत जे आलं ते सगळं कोटींच्या आकड्यात. इतकं हलकं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं गायलेलं गाणं लग्नाच्या मांडवात कसं काय चाललं, हा खरा प्रश्न. तो कुणाला पडला नाही. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' एका डच कंपनीनं काढलं. बातमी झाली ती कंपनी परदेशी म्हणून. रापलेल्या कातडीचं कौतुक नाचाच्या ठेक्यावर, आणि तेही मराठीत, ही मला जास्त मोठी बातमी वाटली. 'सैराट'चंही २०१६ मध्ये हेच झालं होतं. वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन वाजवून घेतला, हे पोराटोरांना पाठ. त्या गोऱ्या व्हायोलिनांच्या आणि आपल्या गावठी ठेक्याच्या सोयरिकीत कुणी किती माघार घेतली, ते कुणी लिहिलं? माझं मत: 'झिंगाट'मध्ये ठेका जिंकला आणि ते बरं झालं. संथ गाण्यांत मात्र वाद्यवृंद दोन ठिकाणी गायकाच्या अंगावर येतो.

बाकीच्यांचं सोडा, पण आमच्याकडच्या गायकांना कुणीतरी नीट सांगण्याची गरज आहे. उसनवारी करून पोरं नांदेडच्या छोट्या स्टुडिओत गाणं करतात, यूट्यूबवर चढवतात, आणि खाली फुलं, हात जोडलेले, 'कडक भाऊ' एवढंच येतं. औरंगाबादच्या कडूबाई खरात नुसत्या एकतारीवर गायल्या आणि त्यांचं गाणं मोबाइलवरून घराघरांत गेलं. ते बघून कित्येकांनी एकतारी घेतली. पण कडूबाईंची एकतारी साथ देत नाही, ती त्यांना श्वास घ्यायला जागा करून देते. हे न कळल्यानं नकला फसल्या. एकानं मला विचारलं, "काका, माझ्यात काय कमी हाय?" मी म्हटलं, दुसऱ्या अंतऱ्यात तू ऑटोट्यून लावलास, तिथं तुझा आवाज गेला आणि मशीनचा आला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, स्टुडिओवाल्यानं फुकट लावून दिला होता.

या पेपरच्या पुरवणीत दर आठवड्याला हिंदी सिनेमांना तारे वाटले जातात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यातलं पाव पान नव्या भीमगीतांना द्यावं, गणपतीच्या आधी आणखी पाव, असं मी संपादकांना कळवलं आहे. तारे नकोत. चाल कुठली, आवाज कसा लागला, शब्द कुठं घसरले, बॉक्सवर वाजतं का, एवढं पुरे. लिहिणारे नाहीत असं त्यांनी सांगू नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात संगीत शिकणारी पोरं-पोरी आहेत, आणि साऊंडवाल्यालाही दोन ओळी सांगायला काही हरकत नाही. लिहून मी घेईन. मानधनाचं मात्र आधी ठरवावं.