फर्गी साहेबांचं अप्रेझल

मार्च महिना आला की आमच्या ऑफिसात एक विचित्र शांतता पसरते. एरवी कॉफी मशीनपाशी रेंगाळणारी मंडळी अचानक आपापल्या डेस्कला चिकटून बसतात. बॉसच्या जोकवर जरा जास्तच मोठ्यानं हसलं जातं. रात्री अकरा वाजता मेल पाठवले जातात, तेही चार जणांना सीसी करून! ओळखलंत ना? बरोब्बर. अप्रेझल सीझन!

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? सांगतो. इतकी वर्षं मी टेबलाच्या अलीकडे बसायचो. ‘एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स’ मिळालं तर पार्टी, नाही मिळालं तर बॉसच्या नावानं शिमगा. दोन वर्षांपूर्वी टीम लीड झालो आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडे सरकली. माझ्या टीममध्ये माणसं अकरा. एक्सेल शीटमध्ये अकरा नावं, समोर अकरा रिकामे चौकोन. वर एचआरची प्रेमळ सूचना: ‘बेल कर्व्ह पाळावा.’ म्हणजे काय, तर एक जण सगळ्यात खाली हवाच!

अकरा आकडा बघितला आणि मला पहिल्यांदा आठवण झाली ती सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनची. मी मँचेस्टर युनायटेडचा फॅन. (हल्ली हे सांगितलं की लोक सहानुभूतीनं पाठीवर हात ठेवतात, पण असो.) आपण मॅचेस बघतो ऑगस्ट ते मे. कोचची खरी परीक्षा असते त्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत, मॅचेस नसतात तेव्हा. कोण राहणार, कोण जाणार, कोणाचे गुडघे संपले, कोणाची भूक संपली... हा सगळा हिशोब तेव्हा होतो. थोडक्यात, फुटबॉलमधलं अप्रेझल. आणि या खेळात फर्गीसारखा बॉस झाला नाही.

१९९५ चा उन्हाळा आठवा. (आठवत नसेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा बरेच तरुण आहात. अभिनंदन!) युनायटेडचा सीझन हातातोंडाशी आलेला घास पडावा तसा संपला होता. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमशी १-१ बरोबरी झाली आणि लीग एका पॉइंटनं ब्लॅकबर्नकडे गेली. सहा दिवसांनी वेम्ब्लीवर एफए कपची फायनल. एव्हर्टनकडून ०-१ हार. त्यात एरिक कँटोनानं जानेवारीत प्रेक्षकाला लाथ मारलेली, त्यामुळे तो सप्टेंबर संपेपर्यंत बंदीत.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? आहेत ती अनुभवी माणसं घट्ट धरून ठेवली असती आणि वर दोन महागडी आणली असती. फर्गीनं काय केलं? मिडफिल्डचा दादा पॉल इन्स, इंटर मिलानला विकला. फॅन्सचा लाडका मार्क ह्यूज चेल्सीला गेला. आंद्रेई कांचेल्स्किस, जो आदल्या सीझनमध्ये टीमचा टॉप स्कोअरर होता, तो एव्हर्टनला गेला. आणि त्यांच्या जागी एकही मोठं नाव विकत घेतलं नाही! मँचेस्टरमधल्या पेपरनं पोल घेतला, ‘फर्ग्युसनला काढावं का?’ बहुमत ‘हो’च्या बाजूनं.

पण फर्गीच्या बाजूनं बघा. तिघांचे तीन वेगळे हिशोब होते. इन्स आपली जागा सोडून पुढे पळायला लागलाय, असं फर्गीचं मत झालं होतं. ह्यूज एकतिशीत होता आणि त्याच जानेवारीत अँडी कोल आला होता. कांचेल्स्किसला स्वतःलाच जायचं होतं. आणि खाली ज्युनिअर टीममध्ये पोरं तयार होती. निकी बट, पॉल स्कोल्स, डेव्हिड बेकहॅम, गॅरी नेव्हिल, त्याचा धाकटा भाऊ फिल. यातल्या काहींनी १९९२ मध्ये एफए यूथ कप जिंकला होता. बेकहॅम तर काही महिन्यांपूर्वी खालच्या डिव्हिजनमधल्या प्रेस्टनला उसना दिलेला होता. जगाला ही पोरं माहीत नव्हती. फर्गी त्यांना शाळकरी वयापासून बघत होता.

नव्या सीझनची पहिली मॅच, १९ ऑगस्ट १९९५, अ‍ॅस्टन व्हिला. हाफ टाइमलाच ०-३! शेवटी १-३. तो एक गोल बदली म्हणून आलेल्या वीस वर्षांच्या बेकहॅमचा. त्या रात्री बीबीसीवर अ‍ॅलन हॅन्सन म्हणाला, पोरासोरांना घेऊन काहीही जिंकता येत नाही. हॅन्सन कोणी ऐरागैरा नव्हता हं, लिव्हरपूलचा कॅप्टन राहिलेला माणूस. त्यानं समोर दिसलं ते सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत न्यूकॅसल १२ पॉइंटनी पुढे होतं, तरी मे महिन्यात लीग युनायटेडची, ४ पॉइंटनी. एफए कपही युनायटेडचा, लिव्हरपूलला हरवून. डबल! बिचाऱ्या हॅन्सनला ते वाक्य पुढे कायम ऐकावं लागलं.

गोष्ट इथे संपवली असती तर छान मॅनेजमेंटचं लेक्चर झालं असतं. ‘तरुणांवर विश्वास ठेवा’, टाळ्या, चहा-समोसा. मीही बरीच वर्षं हेच सांगत फिरायचो. पण हॅन्सनचं चुकलं कुठे? त्यानं नव्वद मिनिटं बघितली. फर्गीनं पाच-सहा वर्षं बघितली होती. एवढाच फरक.

नंतर हार्वर्डवाल्यांनी फर्गीवर चक्क केस स्टडी केली. त्यात त्यानं आपली पद्धत सांगितली आहे. तो खेळाडूंचे वयानुसार तीन गट करायचा: तिशीपुढचे, तेवीस ते तीसमधले आणि त्याखालचे. यशस्वी टीमचं एक चक्र साधारण चार वर्षं चालतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून आजची टीम बघतानाच तीन-चार वर्षांनी ती कशी दिसेल, याचा विचार करायचा. त्यानं हेही कबूल केलंय की सगळ्यात अवघड काम म्हणजे चांगल्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणून सांगणं.

त्याच्या पद्धतीतला दुसरा भाग मला जास्त आवडतो. प्रॅक्टिस घेण्याचं काम तो असिस्टंट्सवर सोपवायचा आणि स्वतः बाजूला उभा राहून बघायचा. नुसतं बघायचा! कोणाची सवय बदलली, कोणाचा उत्साह अचानक उतरला, की तो खोदायला सुरुवात करायचा. घरी काही झालंय का? पैशाची अडचण आहे का? दमलाय का? हा असला डेटा कुठल्याही शीटमध्ये येत नाही.

आणि तरीही... फर्गी चुकला.

याप स्टॅम आठवतो? टक्कल, भिंतीसारखा देह, त्याच्याकडे बघूनच समोरचा स्ट्रायकर पास द्यायचा. १९९९ च्या ट्रेबलमधला खंदा डिफेंडर. त्याच्या टाचेच्या नसेची दुखापत झाली, ऑपरेशन झालं. परत आल्यावर तो पूर्वीसारखा नाही, असं फर्गीला वाटलं. त्याच सुमारास स्टॅमचं आत्मचरित्र आलं आणि त्यावरून वादंग झाला. फर्गी म्हणतो, पुस्तकाचा संबंध नव्हता. लॅझिओकडून एकोणतिशीतल्या डिफेंडरसाठी भलीमोठी ऑफर आली आणि ऑगस्ट २००१ मध्ये स्टॅम विकला गेला. त्याच्या जागी आला लॉरां ब्लां. मोठा खेळाडू, पण वय ३५!

त्या सीझनमध्ये युनायटेड लीगमध्ये तिसरे. एकही कप नाही. आर्सेनलनं लीग जिंकली, ती ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन. आणि ‘उतरणीला लागलेला’ स्टॅम? तो लॅझिओकडून एसी मिलानला गेला आणि २००५ ची चँपियन्स लीग फायनल खेळला. स्टॅमला विकणं ही चूक होती, हे फर्गीनं नंतर स्वतः मान्य केलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. स्टॅमनं सांगितलंय की ही बातमी त्याला फर्गीनं एका पेट्रोल पंपावर, गाडीत बसून दिली. तीन वर्षं टीमसाठी छातीचा कोट केलेला माणूस आणि निरोप पेट्रोल पंपावर!

का लागली, ते आता सांगतो.

माझ्या त्या पहिल्या शीटमध्ये एक नाव होतं. टीममध्ये त्यांना सगळे ‘काका’ म्हणायचे. वय फक्त ४१, पण आमच्याकडे चाळिशी ओलांडली की माणूस काका! काकांचे नंबर वाईट होते. त्या वर्षात बंद केलेली तिकिटं सगळ्यात कमी. रोज सहाच्या ठोक्याला निघायचे. मीटिंगमध्ये बोलायचे नाहीत. मला वाटलं, झालं, संपले. पोरं जोरात पळतायत, तरुणांवर विश्वास ठेवायचा, नाही का? मी १९९५ चा फर्गी झालो आणि खालच्या चौकोनात काकांचं नाव टाकलं.

सांगायचं होतं समोर बसून. पण त्या दिवशी एकही मीटिंग रूम रिकामी नव्हती (खरं सांगू? मी शोधलीच नव्हती). बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, ते अ‍ॅक्टिव्हाला किल्ली लावत असताना गाठलं आणि पाच मिनिटांत उरकलं. ते म्हणाले, “ठीक आहे रे. तुझ्यावर प्रेशर असणार.” हेल्मेट घातलं आणि गेले. चार महिन्यांनी त्यांनी पेपर टाकला.

पुढच्या तीन महिन्यांत आमची टीम गडगडली. क्लायंट रात्री फोन करून विचारायला लागला की अमुक गोष्ट का बंद पडली, आणि आमच्यापैकी कोणाला माहीत नसायचं. पळणाऱ्या पोरांची तिकिटं परत उघडायला लागली. हळूहळू उलगडा झाला. काकांची स्वतःची तिकिटं बंद व्हायची नाहीत, कारण दिवसातला अर्धा वेळ ते दुसऱ्यांच्या डेस्कवर उभे असायचे. पोरांनी बंद केलेल्या निम्म्या तिकिटांमागे काका होते. सिस्टिममध्ये नाव मात्र पोरांचं! आणि सहाला निघायचे, कारण त्या वर्षी त्यांचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. हे मला कधी कळलं? ते गेल्यावर. निरोपाच्या वेळी एका ज्युनिअर मुलीनं सांगितलं. तिला माहीत होतं. मला नाही. कारण मी बघत नव्हतो, मोजत होतो.

म्हणजे झालं असं, की मला वाटत होतं मी फर्गी आहे आणि प्रत्यक्षात मी होतो हॅन्सन. फरक इतकाच की हॅन्सन चुकला तेव्हा कोणाची नोकरी गेली नाही.

यंदा शीट पुन्हा आली आहे. पुन्हा अकरा नावं. या वेळी भरायच्या आधी मी एक साधी गोष्ट केली. दोन आठवडे लॅपटॉप घेऊन टीमच्या मधोमध बसलो. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “या वर्षी अडकलास तेव्हा कोणाकडे गेलास?” गंमत बघा. नंबरांत जो मुलगा सगळ्यात खाली आहे, त्याचं नाव दहापैकी पाच जणांनी घेतलं.

मी मॅनेजरला जाऊन सांगितलं, याला खाली टाकणार नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, “बरं. मग कोणाला?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. कर्व्हचा बाप मानले जाणारे जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च दरवर्षी खालचे दहा टक्के काढावेत म्हणायचे. मायक्रोसॉफ्टनं त्याच घराण्यातली आपली पद्धत २०१३ मध्ये बंद केली. आमच्याकडे मात्र तो चौकोन अजून आहे आणि शुक्रवारपर्यंत तिथे नाव हवंय. कुणाचं तरी नाव पडणारच. मी फार तर इतकं करू शकतो की, ते का पडलं हे त्या माणसाला सांगता येईल, त्याच्या डोळ्यांत बघून.

परवा धीर करून काकांना फोन लावला. दोन वर्षांनी. दुसरीकडे मजेत आहेत. वडीलही बरे आहेत. मी म्हटलं, “काका, तेव्हा माझं चुकलं. तुमचं काम मला दिसलंच नाही.” ते हसले. म्हणाले, “अरे, रेटिंगचं काय घेऊन बसलास! वीस वर्षांत सगळी रेटिंग बघून झाली. वाईट वाटलं ते पार्किंगमध्ये सांगितलंस त्याचं.”

फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं. शुक्रवारसाठी मीटिंग रूम बुक केली. पाच मिनिटांसाठी नाही, चांगली तासाभरासाठी.

तुमचं अप्रेझल कधी आहे? टेबलाच्या अलीकडे बसणार असाल, तर ऑल द बेस्ट! आणि पलीकडे बसणार असाल... तर आधी जरा उठून टीममधून एक चक्कर मारून या.