अंगठा द्यायचा, की हात चालवायचा?

माणूस आणि संगणक यांच्यामध्ये काहीतरी लागतं. आपल्याला काय हवं ते यंत्राला कळावं आणि यंत्राने काय केलं ते आपल्याला कळावं, यासाठी जे मध्ये असतं त्याला इंटरफेस म्हणतात. कीबोर्ड, माऊस, मोबाईलचा पडदा हे आपल्या ओळखीचे इंटरफेस. पण वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांचा संगणकाशी संबंध येतो तो यांपैकी कशानेच नाही. तो येतो रेशन दुकानात, पॉस मशीनवर अंगठा ठेवताना.

त्या मशीनसमोर काय घडतं ते नीट बघा. बाई मशीनला काही सांगत नाही, मशीनच बाईला तपासतं. आयुष्यभर विटा उचलून, सिमेंट कालवून, भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजल्या असतील तर 'अंगठा येत नाही' असं ऐकावं लागतं. ज्या हाताने काम केलं, तो हात काम केल्यामुळेच नापास होतो. एकलव्याची गोष्ट सांगत आपण मोठे झालो. अंगठा कोणाचा आणि तो कोण मागतं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

पण हात आणि संगणक यांचं दुसरंही नातं असू शकतं, आणि त्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सेमोर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा वापरत होते. मूल आज्ञा टाइप करी आणि जमिनीवरचं यांत्रिक कासव त्याप्रमाणे चाले. पण ज्याला अजून अक्षरच येत नाही त्या मुलाने काय करायचं? १९७० च्या दशकात रेडिया पर्लमन या तरुणीने यावर उत्तर काढलं. तिने खाचा असलेली एक पेटी बनवली. 'पुढे जा', 'वळ' अशा आज्ञांची प्लास्टिकची कार्डं मुलांनी हव्या त्या क्रमाने खाचांत बसवायची आणि बटण दाबायचं. कार्डांच्या रांगेप्रमाणे कासव चालायचं. तीन-चार वर्षांची, वाचता न येणारी पोरं प्रोग्राम लिहीत होती. पुढे याच पर्लमनबाईंनी १९८५ साली संगणकांच्या जाळ्यांसाठी स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधली. पेटी बनवणारी बाई 'खेळण्यातली' इंजिनिअर नव्हती, हे लक्षात ठेवा.

१९९७ मध्ये त्याच संस्थेतल्या हिरोशी इशी आणि ब्रिग उलमर यांनी या विचाराला सिद्धांताचं रूप दिलं. संगणकातली माहिती काचेमागे कोंडून का ठेवायची, ती हातात धरता येईल अशा वस्तूंना का जोडू नये, असा त्यांचा प्रश्न होता. इशी यासाठी अबॅकसचं उदाहरण देतात. त्यात मणी हाच आकडा असतो आणि तो हलवणं हीच आकडेमोड. मण्यांच्या पाटीवर अंक शिकलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अलीकडचं उदाहरण 'कोड जंपर'चं. मायक्रोसॉफ्टच्या इंग्लंडमधल्या संशोधकांनी अंध मुलांसाठी ते तयार केलं. वायरींनी जोडायच्या डब्या असतात, प्रत्येक डबी म्हणजे एक आज्ञा. त्या जोडून मूल गाणं किंवा गोष्ट घडवतं आणि ती ऐकतं. पडद्यावर कोडिंग शिकवणाऱ्या वर्गाने ज्याला बाहेर ठेवलं होतं, तो मुलगा इथे आत आला. कमतरता मुलात नव्हतीच, दार अरुंद होतं.

आता आपल्याकडे या. जातिव्यवस्थेने हात आणि डोकं यांची फारकत केली. राबणाऱ्याला ज्ञान नाकारलं आणि ज्ञानवंताला राबण्याचा विटाळ मानायला शिकवलं. जात ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. आज तीच फारकत संगणकाच्या वर्गात दिसते. महागड्या शाळेतलं मूल मोटार, सेन्सर, सर्किट हातात घेऊन रोबोट बनवतं. आपलं मूल टायपिंग आणि डेटा एंट्रीचं प्रमाणपत्र घेतं. एकाला यंत्र घडवायला शिकवलं जातं, दुसऱ्याला यंत्रापुढे बसायला. आम्ही ज्या शाळांमध्ये जातो, तिथल्या अनेक संगणक कक्षांवर पहिली सूचना असते 'हात लावू नये'. स्पर्शबंदीचा इतिहास असलेल्या समाजाने ही पाटी साधी समजू नये.

यावर आपलेच साथी एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, 'हातकामातून सुटायला आपल्या माणसांनी गाव सोडलं, गावकीची कामं सोडली, पोरांना शिकवलं. आता पुन्हा हाताचं कौतुक कशाला? आमच्या पोरांना खेळणी नकोत, खरं कोडिंग हवं, इंग्रजी हवं.'

पारंपरिक धंद्याला 'कौशल्य' म्हणत जातीला नवा रंग देण्याचे उद्योग चालू असताना ही सावधगिरी हवीच. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते अपमानाचं, लादलेलं काम. हाताने विचार करणं सोडा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. कार्ड खाचेत बसवणारं मूल क्रम शिकतं, पुनरावृत्ती शिकतं, चूक नेमकी कुठल्या कार्डात आहे ते शोधायला शिकतं. हाच प्रोग्रामिंगचा गाभा आहे. इंग्रजी आल्याशिवाय याला सुरुवातच करू द्यायची नाही, ही अट कोणाच्या सोयीची आहे?

अर्थात वस्तूंनाही मर्यादा आहेत. पन्नास डब्यांचा प्रोग्राम जमिनीवर मावत नाही, तो जपून ठेवता येत नाही, मित्राला पाठवता येत नाही. मोठं काम करायचं तर शेवटी लिखित कोडकडे जावंच लागतं. म्हणून वस्तू हे दार आहे, घर नव्हे. पण दारच नसेल तर घराच्या गप्पा काय कामाच्या? संपन्न घरातल्या मुलांना दार आणि घर दोन्ही मिळतं. आपण एकावरच समाधान मानायचं कारण नाही.

मग करायचं काय? दोन गोष्टी.

पहिली आपल्या हातातली. विहारात, अभ्यासिकेत संगणक नसला तरी सुरुवात होते. जमिनीवर खडूने चौकटी आखा, जुन्या पुठ्ठ्यांची आज्ञा-कार्डं करा, एका पोराला कासव बनवा आणि बाकीच्यांनी कार्डांची रांग लावून त्याला चालवायचं. पेपर्ट मुलांना हेच सांगत, की अडलात तर स्वतः कासव होऊन चालून बघा. न्यूझीलंडमध्ये संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचा असा पूर्ण अभ्यासक्रमच तयार झाला आहे. पैसे जमले की मायक्रोबिट किंवा आर्डुइनोसारखी छोटी पाटी घ्या. एका पाटीवर पाच-सहा पोरं शिकतात. त्यात पहिला स्क्रू-ड्रायव्हर मुलीच्या हातात द्या.

दुसरी गोष्ट हक्काची. अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. त्यातल्या आपल्या तालुक्यात किती? जिल्हा परिषदेच्या, समाजकल्याणच्या निवासी शाळांत किती? साहित्य वापरात आहे की कपाटात कुलूपबंद? कोणत्या वर्गातली, कोणत्या वस्तीतली मुलं तिथे जातात? माहिती अधिकाराचा एक अर्ज करा, मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय घ्या. आरक्षणाच्या जागा रिक्त राहिल्या की आपण आवाज उठवतो. लॅबचं कुलूप हाही तितकाच गंभीर विषय आहे, कारण उद्याच्या जागा तिथे ठरतात.

रेशनच्या मशीनवर अंगठा उमटला नाही म्हणून धान्य अडवलं जात असेल तर त्याविरुद्ध लढावंच लागेल. ती लढाई सोडायची नाही. पण त्या मशीनच्या आत काय आहे हे माहीत असणारी, ते उघडू शकणारी आणि त्याहून बरं मशीन बनवू शकणारी पोरं आपल्या वस्तीत तयार झाली नाहीत, तर पुढचं मशीनही आपल्याकडे अंगठाच मागेल. येत्या रविवारी अभ्यासिकेत खडू आणि पुठ्ठे घेऊन या.

जय भीम.