झोप कोणाची, माप कोणाचं?

झोपेचं रसायन सापडलं असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो : कोणाच्या झोपेचं?

१९७७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे शोनेनबर्गर आणि मॉनिए या शास्त्रज्ञांनी झोपवलेल्या सशांच्या मेंदूकडून येणाऱ्या रक्तातून मिळालेल्या नऊ अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडची रचना उलगडली. गाढ झोपेच्या डेल्टा लहरींवरून त्याचं नाव पडलं डीएसआयपी. आजही ते प्रयोगशाळांत वापरलं जातं. पण शरीरात ते घडवणारं जनुक मात्र अजून सापडलेलं नाही.

त्याच १९७७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ही सूचना १९९३ पर्यंत टिकली. प्राण्यांतही तेच. २००९ सालच्या मेंदूविज्ञानाच्या संशोधनात एकाच लिंगाचे प्राणी वापरणारे जे अभ्यास होते, त्यांत मादीच्या एका अभ्यासामागे नरांचे साडेपाच होते. सबब काय, तर मादीच्या चक्रामुळे निष्कर्ष गुंतागुंतीचे होतात!

‘विज्ञानाला लिंग नसतं’ म्हणणाऱ्यांना मी झोल्पिडेमची गोष्ट सांगते. झोपेची ही गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहू शकतो. तरी बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला गेला तो २०१३ मध्ये. वीस वर्षांहून अधिक काळ पुरुषाचं शरीर हेच माप!

संततिनियमनाची इंजेक्शनं टोचायची असतात तेव्हा मात्र आपलं शरीर प्रयोगाला चालतं. नेट-एनविरुद्ध १९८६ मध्ये आपल्या संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, हे विसरू नका.

आणि आपली झोप उडते ती केवळ मेंदूतल्या रसायनामुळे? २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. रात्री रडणाऱ्या बाळाला घ्यायला आणि पहाटे पाण्याला कोण उठतं, हे कोणत्याही पेप्टाइडने बदलणार नाही.

मी संशोधनाच्या विरोधात नाही. अर्ध्या माणसांना वगळणाऱ्या संशोधनाच्या विरोधात आहे. झोपेचं नवं औषध आलं की डॉक्टरांना विचारा : चाचणीत बायका किती होत्या? कोणत्या वयाच्या? आमचा डोस वेगळा तपासला का? आणि घरात विचारा : आज रात्री कोण उठणार?