विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके बिघडले काय?

मोडनिंबच्या शिवारात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पुढे मोबाइलवरचे गोल चक्र फिरताना पाहत बसायचे. ई-पीक पाहणी अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाले. नोंद मुदतीत झाली नाही तर सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहतो आणि नुकसानभरपाई, पीकविमा मागताना अडचण होते. मुदत संपत आली की तक्रार ठरलेली : ‘सर्व्हर डाऊन’. पण हे निदान नव्हे. ‘अंग गरम आहे’ म्हणण्यासारखे ते नुसते लक्षण आहे.

सेटिंगचा गुंता कसा होतो?

अशा प्रणालीत असंख्य पर्याय ठरवावे लागतात. फोटो किती लहान करायचा, लगेच पाठवायचा की फोनमध्ये साठवायचा, उत्तर आले नाही तर किती सेकंदांनी पुन्हा पाठवायचा. चालू किंवा बंद असे फक्त २० पर्याय धरले, तरी १०,४८,५७६ प्रकारच्या मांडण्या होतात. सगळ्या तपासणे अशक्यच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. फोटो मोठा ठेवला, फारसे बिघडत नाही. पाच सेकंदांनी पुन्हा पाठवायचे ठरवले, तेही चालून जाते. पण दोन्ही एकत्र आले आणि नेटवर्कची एकच काडी असली, की पहिला फोटो पोहोचायच्या आत फोन तोच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवू लागतो. हजारो फोन हेच करू लागले की सर्व्हर गुदमरतो. कार्यालयातल्या वाय-फायवर चाचणी घेणाऱ्याला हे दिसणारच नाही.

डेव्हलपर शोधतात काय?

ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नसेल तर शेतकरी लगेच मोटार बदलत नाही. आधी फिल्टर पाहतो, एकेक व्हॉल्व्ह बंद करून दाब बघतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १९ डेव्हलपरांना असा शोध घेताना पाहिले. दोष प्रोग्रामचा की मांडणीचा, हे ठरवताना त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या : कोणत्या पर्यायामुळे वेग पडतो, कोडच्या कोणत्या भागात वेळ जातो आणि त्या पर्यायाचा परिणाम तिथवर कोणत्या वाटेने पोहोचतो. वेळ कुठे जातो हे सांगणारी साधने जुनीच आहेत. खरा घाम फुटतो तो वाट शोधताना.

‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे. नुसते सर्व्हर वाढवणे म्हणजे फिल्टर न पाहता मोठी मोटार बसवणे. त्यापेक्षा तक्रार घेताना फोनचे मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, नेटवर्क आणि वेळ टिपून घ्यावी. मोडनिंबसारख्या गावांत, मुदतीआधी, कमी नेटवर्कवर चाचणी व्हावी. आणि मुदतवाढीच्या आदेशासोबत कोणती सेटिंग बदलली, हेही जाहीर करावे.