अर्भकाचे दूध व उकळलेले पाणी



मातेचे दूध हेच अर्भकाचे खरे अन्न होय. पहिले ६ महिने त्याला त्याखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही. १९९२ च्या भारतीय कायद्याने दूधभुकटीच्या जाहिरातीस मनाई केली, ती याच कारणास्तव. परंतु एखाद्या घरी माता आजारी असते, क्वचित निवर्तलेली असते, आणि डॉक्टर डब्याचे दूध द्यावयास सांगतात. अशा घरांसाठी आजचे हे चार शब्द.

आपल्या पेडणे तालुक्यात चांदेल येथे शुद्ध केलेले पाणी नळाने येते. तरी कित्येकांची विहीर अजून वापरात आहे. आपली भूमी जांभ्या दगडाची. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात शौचकूपातील घाण झिरपत विहिरीस मिळू शकते. पाणी नितळ दिसले म्हणून निर्दोष ठरत नाही. नळाचे शुद्ध पाणीदेखील घरच्या कळशीत हात बुडाल्याने बिघडते. म्हणून तान्ह्या बाळासाठी कोणतेही पाणी चांगले खळखळून उकळलेच पाहिजे.

इतके बहुतेक घरी करतात. घोटाळा होतो तो पुढे. उकळलेले पाणी निववून ठेवतात व त्या कोमट पाण्यात भुकटी कालवतात. वास्तविक बंद डब्यातील भुकटीही जंतुरहित नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असतात, आणि ते नवजात बालकास मेंदूज्वर आणून त्याचा जीव घेऊ शकतात. कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात. म्हणूनच भुकटी कालवताना पाणी ७० अंश सेल्सियसपेक्षा थंड नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले.

तेव्हा क्रम असा ठेवावा. हात साबणाने धुवावेत; वाटी व चमचा घासून उकळून घ्यावेत. बाटलीपेक्षा वाटी स्वच्छ करणे सोपे. पाणी उकळून झाकावे व अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच, वाटीत ओतून डब्यावर लिहिलेल्या मापाने भुकटी घालावी. काटकसरीसाठी दूध पातळ करू नये. त्याने बाळ उपाशी राहते. मग वाटी थंड पाण्यात धरून दूध निववावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. दूध २ तासांत संपवावे. बाळाने उष्टे टाकलेले पुन्हा पाजू नये. रात्रीसाठी नुकते उकळलेले पाणी स्वच्छ थर्मासात काठोकाठ भरून ठेवावे, तयार दूध नव्हे.

एक गोष्ट मात्र उकळण्याने साधत नाही. पाण्यातील खारटपणा किंवा खतांतून उतरलेले नायट्रेट त्याने जात नाही. विहिरीजवळ शेणकी असेल वा पाणी मचूळ लागत असेल, तर बाळासाठी नळाचेच पाणी घ्यावे.

हे काम दिवसातून सात-आठ वेळा व मध्यरात्रीही करावे लागते. ते एकट्या स्त्रीवर टाकू नये. घरातील पुरुषांनीही पाणी उकळावे, वाटी धुवावी. देवाने पदरी घातलेले मूल साऱ्या कुटुंबाचे असते.