बंदूक नेमकी केव्हा बंदूक होते?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी एका प्रकरणाचा निकाल देताना दोन घरगुती दाखले दिले. लेखकाने अपुरे हस्तलिखित अभिप्रायासाठी दिले, तरी आपण त्याला कादंबरीच म्हणतो. दुकानातून सुट्या भागांत आणलेले टेबल जोडायला काही तास लागणार असले, तरी ‘टेबल आणले’ असेच सांगतो. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांना या शब्दचर्चेत शिरावे लागले, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न बंदुकीचा होता. घरी जोडण्यासाठी बंदुकीच्या भागांचा संच विकत मिळतो. त्या संचाला कायद्याने बंदूक म्हणावे काय? सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने ‘म्हणता येईल’ असे उत्तर दिले.

आपल्या वाचकाला घरी रायफल बनवण्याची कल्पनाच मुळात चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे असा उद्योग करणारा मनुष्य पोलिसांच्या शोधाचा विषय असतो. अमेरिकेत मात्र हा जुना आणि बहुतांशी सभ्य गृहस्थांचा छंद आहे. १९६८ च्या संघीय शस्त्रनियंत्रण कायद्याने कारखानदार, आयातदार व विक्रेते यांना परवाना आणि शस्त्रावर अनुक्रमांक सक्तीचा केला. परंतु ज्याला शस्त्र बाळगण्याची मनाई नाही अशा नागरिकाने विक्रीचा हेतू न ठेवता, स्वतःपुरती बंदूक घरी बनवली, तर तीवर असे बंधन घातले नाही. ही सवलत त्या वेळी कोणाला फारशी धोक्याची वाटली नाही. का वाटली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात अठराव्या शतकात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीची रायफल घडवीत. लोखंडाची पट्टी तापवून, सळईभोवती वळवून आणि ठोकून नळी सांधायची. मग ती आतून कातायची आणि तिच्यातले पेच हाताने, एकेक करून कोरायचे. चापाचे लहानसहान भाग कानशीने घासून बेतायचे, दस्ता लाकडातून कोरायचा. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील कारागीर वॉलेस गस्लर यांनी ही सारी कृती आधुनिक काळात स्वहस्ते करून दाखवली आणि १९६९ साली तिच्यावर माहितीपट निघाला. एकाच माणसाच्या अंगी लोहार, सुतार, ओतारी आणि नक्षीकाम करणारा असे चौघे एकवटल्याशिवाय ही वस्तू सिद्ध होत नाही, हे त्यावरून उमगते. ही विद्या वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने येत असे. घरगुती बंदूक मुळातच दुर्मिळ असल्यामुळे कायद्याने तिची वेगळी चिंता वाहण्याचे कारण नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ॲडम स्मिथचा टाचणीचा कारखाना पाठ असतो. माझ्या मते त्याला बर्मिंगहॅमचा बंदूक मोहल्ला आधी शिकवावा. जी. सी. ॲलन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि जॉर्ज स्टिग्लर यांनी १९५१ च्या प्रसिद्ध निबंधात ते उद्धृत केले. १८६० च्या सुमारास तेथे स्वतःला बंदुकीचा कारखानदार म्हणवणाऱ्याकडे बहुधा कारखाना नसे, गुदाम असे. नळी एकाची, चापाची यंत्रणा दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा, जुळणी चौथ्याची. आणि अर्धवट तयार माल या गल्लीतून त्या गल्लीत पोहोचवायला पोरे. वस्तू एक, पण ती पूर्ण घडवू शकणारा माणूस त्या मोहल्ल्यात मिळणे कठीण. कौशल्य फुटले होते, पण ते अजून हातांतच होते.

ते हातांतून यंत्रात गेले अमेरिकेत. याचे श्रेय पाठ्यपुस्तके अजूनही एली व्हिटनीला देतात. वस्तुतः त्याच्या बंदुकांचे भाग एकमेकांत बिनचूक बसत नव्हते, असे संशोधकांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले आहे. खरे काम झाले ते सरकारी शस्त्रशाळांतून. थॉमस ब्लँचर्डने १८१९ साली दस्त्यासारखे वेडेवाकडे आकार कातणारे लेथ काढले, आणि हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने १८२० च्या दशकात असे भाग बनवले की कोणताही भाग कोणत्याही रायफलीत बसावा. १८५० च्या दशकात खुद्द इंग्लंडला आपल्या एनफील्डच्या कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे न्यावी लागली. शिवणयंत्र आणि सायकल यांचे उद्योगही पुढे याच यंत्रविद्येवर पोसले गेले.

आजचा अमेरिकन छंदिष्ट या परंपरेचा वारस आहे. नळी तो एका कारखान्याकडून घेतो, दस्ता दुसऱ्याकडून, चापाची जुळणी तिसऱ्याकडून. त्याच्या लेथवर आणि गेजवर काम नाही असे नाही. हजारांश इंचाचा हिशेब तेथेही चुकवून चालत नाही. तथापि तो बर्मिंगहॅमच्या गुदामवाल्याचाच धंदा करतो, गुदामाच्या जागी घरचे गॅरेज असते इतकेच. बर्मिंगहॅमला १८१३ पासून कायद्याने स्थापलेली चाचणीशाळा होती. तेथे कसोटीला उतरलेल्या नळीवर शिक्का बसे. या गृहस्थाच्या कामावर शिक्का मारणारा कोणी नाही.

येथे कायद्याची अडचण सुरू होते. सारे भाग सुटे विकले जाऊ लागले, तेव्हा कोणत्या भागाला ‘बंदूक’ म्हणायचे हे ठरवणे भाग होते. कायद्याने नळी व चाप यांना एकत्र धरणारा मधला सांगाडा निवडला. बाजाराने लगेच त्याला उत्तर दिले: सांगाड्याचे थोडेसे काम शिल्लक ठेवायचे आणि ‘ही बंदूक नव्हे’ म्हणून तो विनाचौकशी, विनाक्रमांक विकायचा. जे पूर्वी उमेदवारीची वर्षे मागत होते, ते आता एक सुटीची दुपार मागू लागले. पिस्तुलाच्या एका संचाबाबत तर नवशिक्याला जोडणीसाठी २१ मिनिटे पुरली, अशी नोंद या निकालातच आहे. पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या अशा निनावी शस्त्रांची संख्या २०१७ मध्ये सुमारे १,६०० होती. २०२१ मध्ये ती १९,००० वर गेली.

२०२२ चा नियम याच्यावरचा उपाय होता. त्याने घरी बंदूक बनवण्यास बंदी केलेली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. असा संच विकणाऱ्याने परवाना घ्यावा, गिऱ्हाइकाची चौकशी करावी, क्रमांक घालावा, नोंद ठेवावी; एवढेच त्याचे म्हणणे. लँकेस्टरच्या पद्धतीने वर्षभर खपून एक रायफल घडवणाऱ्या हौशी कारागिराचे यात काय बिघडते, हे मला तरी कळलेले नाही.

आक्षेप असा घेतात, की ज्याला गुन्हाच करायचा आहे तो कसेही करून शस्त्र बनवील. जपानमधील कायदे अत्यंत कडक असूनही जुलै २०२२ मध्ये शिंझो आबे यांचा खून घरी बनवलेल्या बंदुकीनेच झाला. हे खरेच आहे. पण अर्थशास्त्र शून्याची हमी कधीच देत नाही. ते किंमत पाहते. जपानमध्ये त्या एका शस्त्रामागे एका माणसाची दीर्घ खटपट होती. जेथे खटपट स्वस्त झाली, तेथे आकडा चार वर्षांत बारा पट झाला. नियमाने खटपट पुन्हा महाग करायची असते.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे असे शब्दांचे कोडे पडत नाही. त्याच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री ही ‘शस्त्रे’ गणली आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे व कमाल जन्मठेप ठेवली आहे. म्हणून आपण निश्चिंत असावे काय? मीर कासीमने १७६० च्या दशकात मुंगेरला राजधानी नेऊन शस्त्रशाळा उभारली, तेव्हापासून त्या गावात बंदुकीची विद्या आहे. परवान्याने बंदुका बनवणाऱ्या तेथील कारखान्यांचे काम गिऱ्हाइकाअभावी आटत गेले, आणि बेकायदा कारखान्यांवरील छाप्यांच्या बातम्या मात्र त्याच जिल्ह्यातून येत राहिल्या. अमेरिकेत कौशल्याशिवाय बाजार आहे. मुंगेरला बाजाराशिवाय कौशल्य उरले. व्याख्या कितीही ऐसपैस केली, तरी बेकार कारागिराचे पोट तिच्यात मावत नाही. त्याच्या हाताला दुसरे काम मिळते की नाही, ही बाब उद्योगखात्याची आहे आणि ती गृहखात्याच्या गळ्यात घातली गेली आहे.

अमेरिकेतला वाद मार्चच्या निकालाने संपलेला नाही. न्यायमूर्ती टॉमस आणि अलिटो यांनी विरुद्ध मत नोंदवले. बहुमतानेही संपूर्ण नियम मुळातच अवैध नाही, इतकेच म्हटले. धातूचा निव्वळ ठोकळा म्हणजे बंदूक नव्हे, हे २०२२ च्या नियमालाही मान्य आहे. त्या ठोकळ्यापासून तयार सांगाड्यापर्यंतच्या कोणत्या टप्प्यावर बंदूक सुरू होते, हे पुढल्या खटल्यांत एकेक करून ठरेल. आणि ठोकळ्यातून भाग कोरून काढणारी संगणकचलित यंत्रे तर आताच घरातल्या टेबलावर मावू लागली आहेत.