बारावीनंतर वकालत : नांदेड-लातूरच्या घरांनी विचार करावा अशी वेळ

३० जुलै २०२४, २० मे २०२५ आणि १५ सप्टेंबर २०२५. या तीन तारखांना सर्वोच्च न्यायालयाने तीन महत्त्वाचे निर्णय दिले. पहिल्याने वकिलीची सनद स्वस्त केली. दुसऱ्याने न्यायाधीश होण्याची वाट तीन वर्षांनी लांबवली. तिसरा वक्फ सुधारणा कायद्यावरचा अंतरिम आदेश होता. पहिल्या दोन निर्णयांची आपल्या घरांत फारशी चर्चा झाली नाही. तिसऱ्याची चौकाचौकांत झाली, पण "आता आमच्या गावच्या दर्ग्याच्या जमिनीचं काय करायचं?" याचे नेमके उत्तर देणारा माणूस जवळपास सापडत नव्हता.

आमच्या मते या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आपल्या घरांतून कायदा शिकणारी मुले कमी निघतात, आणि जी निघतात तीही दुसरे काही जमले नाही म्हणून.

नीटची रांग

लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर आहे, नांदेडचे क्लासेसही आता मागे नाहीत. डॉक्टर होण्याचे स्वप्न वाईट नाही, उलट आपल्या मुली एमबीबीएसला लागल्या की आम्हा शिक्षकांनाच जास्त आनंद होतो. पण हिशोबही पाहायला हवा. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख मुलांनी अर्ज केले होते आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे एक लाख आठ हजार. म्हणजे एका जागेमागे बावीस मुले. उरलेल्या एकवीस जणांचे काय? एक रिपीट, दुसरा रिपीट, मग "काही नाही तर बीएस्सी कर."

त्याच वर्षी पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. फेरपरीक्षा घ्यायची की नाही, हा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने फेरपरीक्षेला नकार दिला. ज्या परीक्षेसाठी घरातले दागिने गहाण पडतात, तिचा शेवटचा फैसलाही वकिलांचे युक्तिवाद ऐकूनच झाला. तरी आपल्या घरात "वकील होशील का?" असे बारावीच्या आधी कोणी विचारत नाही.

उर्दू दस्त, मराठी कोर्ट, इंग्रजी हायकोर्ट

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या कचेऱ्यांचे आणि अदालतींचे कामकाज उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर कायद्याचे शिक्षणही उर्दूतून मिळत असे. त्या काळच्या इनामाच्या सनदा, मुंतखब आणि महसुली नोंदी आजही जमिनीच्या वादात पुढे येतात. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची शोधाशोध सगळ्या मराठवाड्याने पाहिली.

आज तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, राज्य सरकारने १९९८ मध्ये तशी अधिसूचना काढली. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागते. आपली दोन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. म्हणजे या भागातल्या जमिनीच्या एकाच दाव्यात कागद उर्दू, साक्ष मराठी आणि अपील इंग्रजी असे होऊ शकते. उर्दू शाळेत शिकलेले आणि मराठीत वाढलेले मूल यातल्या दोन पायऱ्या आधीच चढलेले असते. ज्या उर्दूला आपण "पोट भरत नाही" म्हणून नावे ठेवतो, तिला इथे खरी किंमत आहे.

कोर्टाची मराठी तर आपल्या मुलांना परकी वाटायलाच नको. दावा, फिर्याद, जामीन, जबाब, अर्ज, वारस, ताबा, हुकूमनामा, मुखत्यार हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि मराठीत रुजले. कमी पडते ती इंग्रजी. ती मेहनतीने येते.

वक्फचेच घ्या. १५ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या कायद्यातील काही तरतुदींना स्थगिती मिळाली, पण नोंदणीच्या अटीला मिळाली नाही. ६ जून २०२५ ला सुरू झालेल्या उमीद पोर्टलवर माहिती भरण्यासाठी सहा महिने होते. मुदत सरसकट वाढवून द्यायला न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी नकार दिला आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावे असे सांगितले. न्यायाधिकरणाकडे जायचे म्हणजे अर्ज लिहायचा, जुने कागद लावायचे, कारण पटवून द्यायचे. हे काम मोर्च्याने होत नाही. गावच्या मुतवल्लीला उर्दू कागद वाचून मराठीत समजावणारा आणि कायद्याच्या भाषेत अर्ज लिहिणारा माणूस लागतो.

दुबईचा निकाल, नांदेडचे कोर्ट

"आंतरराष्ट्रीय कायदा मुंबई-दिल्लीवाल्यांसाठी, आपल्याला काय उपयोग?" असे पालक विचारतात. आपल्या किती घरांतला एक तरी माणूस आखातात आहे, ते आठवा.

१७ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने संयुक्त अरब अमिरातीबाबत एक अधिसूचना काढली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ नुसार तिथल्या ठरावीक न्यायालयांचा पैशाबाबतचा हुकूमनामा आता थेट आपल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल करता येतो. समजा एखादा तरुण तिकडे बँकेचे कर्ज थकवून नांदेडला परत आला. पूर्वी बँकेला इथे नव्याने दावा करावा लागला असता. आता तिकडचा हुकूमनामा इथल्याच कोर्टाने दिल्यासारखा बजावता येतो. आपली बाजू ऐकलीच गेली नाही, निकाल फसवणुकीने मिळवला, अशा कारणांवर कलम १३ खाली हरकत घेता येते. पण हे वेळेवर सांगणारा वकील जवळ असायला हवा ना?

आखातात पाठवणाऱ्या एजंटाचीही तीच गोष्ट. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे त्याच्याकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो आणि कामगाराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. आपली किती पोरे लाख-दीड लाख मोजून विमानात बसतात!

व्यापारी कायदा तर रोजचा. लातूरची बाजारपेठ तूर आणि सोयाबीनची, शहरात डाळ मिल आहेत. भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर खरेदीचा करार केला. परदेशी तूर किती येणार आणि आयात शुल्क किती, यावर लातूरचा भाव हलतो. मिलवाल्याचे पैसे अडकले तर २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा त्याच्या बाजूने आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. चेक बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आपले व्यापारी भाऊ "देतो म्हणालाय ना" म्हणून थांबतात, तारीख निघून जाते आणि हक्काची बाजू कमकुवत होते.

हे सगळे पदवीच्या अभ्यासक्रमातच येते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे करार, कंपनी कायदा, कर, कामगार कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा हे सक्तीचे विषय आहेत. ऐच्छिक विषयांच्या गटांत व्यापारी कायदा, आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आणि शेतीविषयक कायदाही आहे. कोणते महाविद्यालय कोणता गट शिकवते, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे.

वाट कशी आहे

बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे, असे दोन रस्ते आहेत. बारावीची कोणतीही शाखा चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. ही परीक्षा इंग्रजी आणि मराठीतून असते, उणे गुण नसतात. नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आणि लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आहे, म्हणजे मूल घरी राहून शिकू शकते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि सगळे इंग्रजीत. औरंगाबादलाही असे विद्यापीठ २०१७ पासून आहे. तिथली फी जास्त असते. पण व्यापारी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात पुढे जायचे असेल, तर हुशार मुलाने ही परीक्षा जरूर द्यावी.

बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता अकरावीतच काढायला घ्यावी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. कागद नाहीत म्हणून ही सवलत हातची जाऊ देऊ नका.

मुलींबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. तलाक, पोटगी, वारसाहक्क, घरातला छळ, या गोष्टी आपल्या बहिणी पुरुष वकिलासमोर अर्ध्याच बोलतात. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले. हे ज्या बाईला कळायला हवे, तिच्यापर्यंत ते मोहल्ल्यातली वकील मुलगीच नीट पोहोचवेल. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही आपल्यात थोड्यांनाच माहीत आहे.

पदवीनंतरची तीन वर्षे

आता अडचणीची बाजू. पूर्वी वकिलीच्या नोंदणीसाठी कुठे पंधरा हजार, कुठे चाळीस हजारांच्या पुढे खर्च येई. ३० जुलै २०२४ च्या निकालाने ही फी खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, एवढीच ठेवायला सांगितली. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, तिची फी वेगळी. दार उघडले, पण आत शिरल्यावर पहिली काही वर्षे कमाई जवळपास नसते. सीनियरकडे जाणारा ज्युनिअर पेट्रोलपुरते पैसे मिळाले तरी खूश असतो.

त्यात २० मे २०२५ चा निर्णय आला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. न्यायाधीशाला कोर्टाचा अनुभव असावा, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण ज्याचे वडील वकील आहेत त्याची तीन वर्षे घरच्या ऑफिसात निघतात. हमालाच्या, रिक्षावाल्याच्या, शिलाई करणाऱ्या आईच्या मुलाने ही तीन वर्षे कशी काढायची? मुलगी असेल तर याच वर्षांत लग्नाचा तगादा लागतो. पाच वर्षे शिकून मूल इथेच गळते आणि मोबाईलच्या दुकानात किंवा आखातात जाते.

आपल्या बिरादरीच्या तालीमी संस्था गुणवंतांचा सत्कार करतात, प्रवेशाच्या फीला मदत करतात. हे चांगले काम आहे. ज्या तीन वर्षांत नव्या वकिलाला खरी गरज असते, तिथे मात्र कोणतीच मदत पोहोचत नाही. नांदेड आणि लातूरच्या संस्थांनी मिळून दर वर्षी फक्त चार नवे वकील निवडावेत, दोन मुली आणि दोन मुलगे. त्यांना तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. बदल्यात त्यांनी आठवड्यातून एक दिवस मोहल्ल्यात बसून लोकांचे कागद मोफत पाहावेत. जे अनुभवी वकील आपल्यात आहेत, त्यांनी या मुलांना ज्युनिअर म्हणून घ्यावे. चौथ्या वर्षी यातला कोणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसेल, कोणी खंडपीठात जाईल, कोणी कंधार किंवा उदगीरच्या कोर्टात स्वतःचे टेबल टाकेल.

शाळेचे काम आम्ही शिक्षक करू. आठवीपासून रोज एक बातमी वाचून घेणे, ती स्वतःच्या शब्दांत मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेणे, एवढ्याने सुरुवात होते. वालिदैनकडून एवढीच अपेक्षा आहे की दोन-तीन मुलांच्या घरात एकाला तरी वकालत पहिल्या पसंतीने निवडू द्या. पुढची नोटीस कोणाच्या दारावर लागेल हे सांगता येत नाही. ती वाचणारे कोणीतरी घरात असलेले बरे.